आधी मॅगझिन

पिस्तूल तुमच्याकडे नसेल. बहुतेकांकडे नसतं आणि त्यात काही बिघडत नाही. हे मनन त्याच्याशिवायही होतं. ज्यांच्याकडे परवाना आहे, जे नेमबाजीचा सराव करतात, त्यांनीही पहिल्या खेपेला ते कपाटातच असू द्यावं. आधी सगळं मनातल्या मनात उघडू, पुसू, परत जोडू. डोळे मिटायला सांगणारी मननं पुष्कळ आहेत. हे मात्र उघड्या डोळ्यांनी करायचं आहे.

काळ असा घ्या: भाद्रपद संपत आलाय. पनवेलचा पाऊस ओसरलाय, पण गेलेला नाही. खाडीकडून येणारा वारा अजून ओला आणि खारट आहे. चार महिन्यांत कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी आली, खिडकीच्या गजांवर तांबूस डाग उमटले. या हवेत लोखंड स्वस्थ बसत नाही. जुन्या पोलादी पिस्तुलावर जी निळसर काळी झाक दिसते, तो मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो गंज लांबवतो, थांबवत नाही. घामट बोट टेकलं आणि तसंच राहिलं, तर काही दिवसांनी त्या बोटाचा ठसा गंजाच्या रूपात उमटतो. चामड्याच्या म्यानात ठेवलेलं पिस्तूल दिसायला रुबाबदार, पण चामडं ओल धरतं. कोकणपट्टीत शस्त्र त्यात ठेवून द्यायचं नसतं.

थोड्या दिवसांनी खंडेनवमी येईल. सुतार रंधा मांडेल, गॅरेजवाला पाने मांडेल, पोलिसांच्या शस्त्रागारांत रायफली ओळीने लावल्या जातील, फुलं वाहिली जातील. माझ्या मते खरी पूजा आदल्या दिवशी होऊन गेलेली असते, चिंधीने आणि तेलाने. नवमीला उरतो तो उपचार. आणि उपचार करणारच असाल तर आधी शस्त्र रिकामं करा आणि त्याच संध्याकाळी ते पुन्हा पुसून काढा. ओली हळद आणि कुंकू पिस्तुलाच्या खाचेत शिरलं की भक्तिभावाने गंजायचं थांबत नाही.

आता बसा. पण कुठे?

हा प्रश्न हातात काही घेण्याआधीचा आहे, म्हणून त्याला वेळ द्या. नळीचं तोंड कोणत्या दिशेला ठेवणार? नवीन पनवेलमधल्या एखाद्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर तुम्ही बसला आहात असं समजा. समोरच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे. जमिनीखाली तिसरा मजला, तिथे कुणाचं तरी पोर अभ्यासाला बसलंय. वर पाचवा मजला. खिडकीबाहेर रस्ता, रिक्षा, भाजीवाली. पॉइंट टू टूची, म्हणजे .२२ बोअरची, गोळी नेमबाजीत वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये अगदी लहान, तरी मोकळ्यावर ती एक किलोमीटरहून लांब जाऊ शकते. एकेक दिशा मनात घ्या आणि त्या दिशेला कोण राहतं ते नावानिशी आठवा. घाई करू नका, सहाही दिशा होऊ द्या.

बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. ते सापडत नाही हे कळणं, इथवरच्या मननाचं एवढंच काम होतं. म्हणून हा उद्योग शक्यतो रेंजवर करावा. तिथे दिशा आधीच ठरलेली असते: लक्ष्याकडे, आणि लक्ष्यामागे गोळी अडवणारा बांध.

पनवेलमध्ये नेमबाजी म्हटलं की सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आठवतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठलेल्या या नेमबाज पुढे प्रशिक्षक झाल्या आणि कित्येक मुलामुलींच्या हातात पहिली रायफल किंवा पहिलं पिस्तूल आलं ते त्यांच्या देखरेखीखाली. १० मीटरवर एअर पिस्तूल चालतं, त्यात बारूद नसते, पुंगळी नसते, एका वेळी एकच छर्रा. तरीही शिस्त तीच. जागतिक स्पर्धांच्या नियमानुसार शस्त्र वापरात नसताना त्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग खोचलेला असावा लागतो. एअर पिस्तुलात तर तो दोरीसारखा पूर्ण नळीतून आरपार जातो. दुरून पाहणाऱ्यालाही कळावं की आत काही नाही. ‘माझ्यावर विश्वास ठेवा, रिकामं आहे,’ हे वाक्य रेंजवर कुणी उच्चारत नाही. फ्लॅग दाखवतात, झालं.

आपण मात्र ज्याचं मनन करतोय ते पिस्तूल वेगळं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतलं, त्या प्रकारातलं. पॉइंट टू टूचं, मॅगझिनमध्ये पाच काडतुसं भरायचं, सेमी-ऑटोमॅटिक. ते मनात रेंजवरच्या टेबलावर ठेवा. खाली जुना सुती कपडा, फिकट रंगाचा, म्हणजे सुटा पडलेला बारीक भाग दिसेल. डोळ्यांवर चष्मा, कारण स्प्रिंग उडते. खिडकी उघडी. आणि टेबलावर, खिशात, खणात, त्या खोलीत कुठेही एकही सुटं काडतूस नाही.

हात अजून मांडीवर ठेवा आणि सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय चालतं ते शांतपणे पाहा. चाप ओढला. गोळी पुढे सुटली. त्याच धक्क्याने मागचा जड भाग, स्लाइड म्हणा किंवा बोल्ट म्हणा, मागे सरकला. सरकताना त्याने नळीतली रिकामी पुंगळी नखाने ओढून बाहेर भिरकावली, हॅमर चढवून ठेवला. मग दाबली गेलेली स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि पुढे येताना तो मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसवतो. पुन्हा तयार. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. नेमबाजाला काही करावं लागत नाही.

या यंत्राचं सगळं कौतुक यातच आहे: ते स्वतःहून भरून घेतं. साफसफाईच्या वेळचा धोकाही यातच आहे, आणि दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

आता हात पुढे करा. बोट चापाच्या कडीबाहेर, पिस्तुलाच्या अंगालगत सरळ. तोंड बांधाकडे. पहिली गोष्ट: मॅगझिन. खटका दाबा, मॅगझिन काढा, बाजूला ठेवा. ते रिकामं आहे का ते पाहा. आता स्लाइड मागे ओढा आणि मागेच अडकवा. चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते बाहेर पडेल. त्याला पडू द्या, हवेत झेलायला जाऊ नका.

इथे थांबा, आणि हाच क्रम मनात उलटा करून पाहा. आधी स्लाइड ओढली. चेंबरमधलं काडतूस टुणकन बाहेर पडलं, डोळ्यांनी दिसलं, मनाला बरं वाटलं. स्लाइड पुढे गेली. पण मॅगझिन आतच होतं, म्हणून पुढे जाताना तिने दुसरं काडतूस उचलून चेंबरमध्ये बसवलं. मग तुम्ही मॅगझिन काढलंत. आता मॅगझिन हातात आहे, एक काडतूस टेबलावर पडलेलं आहे, रिकामं केल्याच्या सगळ्या खुणा समोर आहेत आणि नळीत गोळी आहे. दोन्ही वेळा कृती त्याच दोन, हातही तेच. फक्त आधी काय आणि नंतर काय एवढाच फरक. हा उलटा क्रम मनात तीन-चारदा चालवा, इतक्या सावकाश की ते दुसरं काडतूस आत सरकताना दिसेल. जगभरच्या कितीतरी अपघातांची सुरुवात या जागी झालेली आहे.

स्लाइड मागे अडकलेली आहे. आता चेंबरमध्ये बघा. डोळ्यांनी, नंतर करंगळीच्या टोकाने त्या खोबणीला स्पर्श करून. पोलादाची गोल कड लागली पाहिजे आणि तिच्या आत पोकळी. मॅगझिनच्या जागेतूनही आरपार टेबलाचा कपडा दिसला पाहिजे. मान वळवा, दुसरीकडे कुठेतरी पाहा आणि पुन्हा बघा.

मन लगेच तक्रार करतं, ‘आत्ताच तर पाहिलं!’ त्या तक्रारीकडे लक्ष द्या, कारण ती खोटी नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर गॅस बंद केल्याचं आठवतं आणि ते आठवणं आजचं की कालचं हे सांगता येत नाही, तसंच हे. रोज केलेल्या कृतीची आठवण एकावर एक चढत जाते आणि कालचं आजच्या जागी जाऊन बसतं. माणूस अनुभवी असेल तर जास्तच. नवशिका घाबरून तीनदा बघतो. ज्याने हजारदा रिकामं पाहिलंय त्याच्या मनात ‘रिकामं’ हे चित्र तयारच असतं आणि डोळे फक्त त्यावर मान डोलावतात. म्हणून स्पर्श. बोटाला सवयीने फसवणं डोळ्याइतकं सोपं नसतं.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी लागली. ते प्रवासाला निघायच्या गडबडीत होते, शस्त्र जागेवर ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. गोळी काढली, ते बरे झाले. त्या आठवड्यात त्या बातमीवर विनोद फार झाले. मला मात्र त्यातली पहाट आणि गडबड एवढंच लक्षात राहिलं. रिव्हॉल्व्हर या बाबतीत तसं सरळ शस्त्र आहे: चक्र बाहेर काढलं की सगळी घरं एकदम समोर दिसतात, भरलेली असोत की रिकामी. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक काडतूस नेहमी दडून राहू शकतं.

कुणी म्हणेल, सेफ्टी असते ना! असते. ब्राउनिंग हाय-पॉवर हे १९३५ चं पिस्तूल, ज्याच्यावरून इछापूरच्या रायफल फॅक्टरीने आपल्या फौजेचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल बेतलं, त्यात मॅगझिन काढलं की चाप निकामी होतो. चांगली युक्ती, पण तिच्यावर विसंबायची सवय लागलेला हात उद्या दुसऱ्या बनावटीच्या पिस्तुलावर पडला की फसतो, कारण पुष्कळ पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही चेंबरमधली गोळी सुटते. जगभरच्या पोलिसांकडे असलेलं ग्लॉक तर सुटं करण्याआधी चाप ओढावाच लागतो. बनवणाऱ्याने गृहीत धरलंय की तुम्ही चेंबरमध्ये पाहिलं आहे. (९ मिलिमीटर आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, पण गृहीत धरणं कोणत्याही बोअरमध्ये सारखंच.)

आता सुटं करा. कसं, ते प्रत्येक बनावटीचं निराळं, म्हणून त्या पिस्तुलाची पुस्तिका उघडून ठेवा आणि ती सांगते तेवढंच करा. साधारणपणे स्लाइड किंवा बोल्ट, रिकॉइल स्प्रिंग आणि तिची दांडी, निघत असेल तर नळी, आणि खालचा सांगाडा, एवढे तुकडे होतात. त्याहून पुढे, चापाच्या यंत्रणेत, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. तो परवानाधारक गनस्मिथचा प्रांत. तुकडे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा.

या क्षणी, इतका वेळ ज्याची धास्ती होती, ते पिस्तूल टेबलावर नाहीच. एक नळी आहे, एक स्प्रिंग आहे. खांदे सैल सोडा.

नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आत पाहा. पिळाच्या खाचा वळत वळत पलीकडे जाताना दिसतील, आणि त्यांवर राखाडी काळा लेप. त्यात जळलेल्या बारुदीचा कोळसा आहे, घासून निघालेलं शिसं आहे, पॉइंट टू टूच्या गोळीला लावलेलं मेणासारखं वंगण आहे, आणि प्रायमरचे, म्हणजे पहिली ठिणगी देणाऱ्या मसाल्याचे अवशेष.

या काजळीच्या मागे जरा लांबवर जाऊ. पनवेलहून कर्नाळ्याच्या वाटेवर शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. १८७९ साली त्यांनी बंड केलं तेव्हाच्या बंदुकांत काळी बारूद असे. ती जळली की निम्म्याहून जास्त वजन राख आणि क्षार होऊन मागे उरे. ते क्षार हवेतली ओल ओढून घेत, आणि सह्याद्रीतल्या पावसाळी रात्री बंदूक न धुता ठेवली की सकाळी नळीत गंज. तेव्हाची सफाई म्हणजे गरम पाण्याने धुणं, आणि तेही त्याच दिवशी. पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी बिनधुराची बारूद तयार केली, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८९३ मध्ये, बोर्खार्टचं स्वतःहून भरून घेणारं पिस्तूल आलं. हा नुसता योगायोग नव्हता. काळ्या बारुदीच्या राखेत इतके नाजूक सरकते भाग काही बारांतच अडकून पडले असते. जे यंत्र आपण आज उघडून बसलोय, ते कमी काजळी उरू लागली म्हणून शक्य झालं. उरलेली काजळी आपल्या वाट्याची.

चिंधीचा चौकोन सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे मळ सोडवणाऱ्या द्रवात, भिजवा आणि नळीत मागून पुढे, गोळी जाते त्याच दिशेने, ढकला. काही पिस्तुलांत नळी पक्की असते, मागून सळई जात नाही. तिथे ओढायची दोरी वापरतात, तीही मागून पुढेच. नळीचं तोंड, तिथली शेवटची गोल कड, हे पिस्तुलातलं फार हळवं ठिकाण. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती तिथे; कड एका बाजूने जराशी झिजली की नेम कायमचा बिघडतो. आणि ती गोळ्यांनी जेवढी झिजते त्याहून जास्त सफाई करणाऱ्याच्या उत्साहाने झिजते, पुढून कोंबलेल्या लोखंडी सळईने. म्हणून पॉइंट टू टूचे जाणते नेमबाज नळीला उगाच रोज घासत नाहीत. चेंबर आणि बोल्टचं तोंड मात्र नेमाने साफ करतात, कारण तिथे साचलेल्या मळामुळे काडतूस नीट बसत नाही.

सॉल्व्हंटला काम करायला वेळ द्या. काही मिनिटं काहीही करू नका. मननासाठी म्हणून हे सांगत नाही, रसायनाला खरोखरच तेवढा वेळ लागतो. मग पितळी तारांचा ब्रश, आरपार. नळीच्या मधोमध दिशा बदलली तर तारा वाकतात. मग कोरड्या चिंध्या, एकेक. पहिली काळी निघेल, मग राखाडी. अगदी पांढरी निघेपर्यंत हट्ट धरायचा नसतो.

बोल्टच्या तोंडावरचं ते नख, पुंगळी ओढणारं, जुन्या टूथब्रशने साफ करा. मग तेल. इथे हात सैल सुटतो, विशेषतः कोकणात, कारण गंजाची भीती असते. पण फार तेल म्हणजे फार माती. आणि फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या सुईच्या, भोकात उतरलेलं तेल काजळीशी मिळून चिकट होतं, मग पिन आळसावते. जिथे धातू धातूवर घासतो तिथे थेंबभर, बाकी सगळीकडे तेलाचा हात फिरवलेल्या चिंधीची पुसट झाक. नळीतलं तेल पुढच्या सरावाआधी कोरडं पुसायचं.

जोडणं चटकन होतं. उलट्या क्रमाने, जोर न लावता. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकीचं बसतंय. जोडून झालं की स्लाइड दोन-तीनदा मागेपुढे करा, पुस्तिकेत सांगितलेली चाचणी घ्या. पॉइंट टू टूमध्ये रिकाम्या चेंबरवर चाप ओढायला बऱ्याच पिस्तुलांत मनाई असते, पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते. आणि जोडलेलं पिस्तूल पुन्हा पिस्तूल झालं आहे. तेव्हा मॅगझिन, चेंबर, डोळे, करंगळी, सगळं पुन्हा. मग फ्लॅग.

कुणाच्या हातात द्यायचं असेल तर उघडं, फ्लॅग लावलेलं द्या, तोंड बांधाकडे ठेवून. घेणारा तुमच्यासमोर पुन्हा तपासेल. तो तुमचा विद्यार्थी असला, तुम्ही त्याच्या वडिलांच्या वयाचे असलात, तरी त्याने तपासावं आणि तुम्ही वाट पाहावी. आपल्याकडे मोठ्यांनी दिलेली वस्तू उलटून पाहणं उद्धटपणाचं समजतात. रेंजवर ही रीत मोडलेली मला फार आवडते.

घरी पिस्तूल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. सिलिका जेलची पुडी आत, आणि पावसाळ्यात ती बदलायची आठवण. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम परवानाधारकावर शस्त्र सांभाळून ठेवायची जबाबदारी टाकतातच; निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करायची नोटीसही येऊ शकते. तिथून परत आलेलं शस्त्र पुसायला घेण्याआधी, ते आपलंच असलं तरी, अनोळखी समजून उघडा.

शेवटी हात धुवा, गार पाण्याने आणि साबणाने. बोटांवर शिसं आहे. त्या हाताने चहाचा कप, डबा, तंबाखू, लहान मुलाचा गाल, काहीही नाही. चिंध्या एका पिशवीत बांधून, घरच्या धुण्यापासून लांब. अंगातला शर्टही वेगळा धुवा.